आधी खोकं, मग कॅमेरा

वादळानंतर किनाऱ्यावर शिअरवॉटर किंवा पेट्रेल असा खोल समुद्रावरचा दुर्मिळ पक्षी बसलेला दिसला, तर ठिकाण लगेच सगळ्यांना कळवायचं की नाही, आणि फोटोसाठी किती वेळ थांबायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पहिला फोन पक्षी वाचवणाऱ्या केंद्राला किंवा वनखात्याला करायचा. पक्षी त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत ठिकाण कुणालाही सांगायचं नाही.

पण आधी तो खरंच अडचणीत आहे का, ते लांबून दुर्बिणीतून बघा. कुरव आणि सुरय वाळूवर विश्रांती घेतात, त्यांना उठवू नका. शिअरवॉटर, पेट्रेल मात्र घरट्याखेरीज सहसा जमिनीवर येत नाहीत. त्यामुळे भरदिवसा उघड्या किनाऱ्यावर बसलेला दिसला, तर काहीतरी बिनसलंय असंच धरा. “किती शांत बसलाय, घाबरत नाही” असं लोक म्हणतात. पळायची ताकद उरलेली नसते म्हणून तो बसलेला असतो. त्याच्याभोवती माणसांचं कडं पडलं की उरलीसुरली शक्ती भीतीतच संपते.

केंद्राने उचलायला सांगितलं तर हातमोजे आणि मास्क घाला, टॉवेल टाकून हलकेच धरा. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. चोच बांधू नका. बूबी आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांना बाहेरून उघड्या नाकपुड्याच नसतात, चोच बंद केली तर ते गुदमरतात. फुलमार (पेट्रेलच्याच कुळातला) आणि त्याचे भाईबंद पोटातलं तेल ओकतात, ते पिसांना लागलं की पिसं भिजू लागतात. हवेशीर पुठ्ठ्याचं खोकं, तळाला मऊ टॉवेल, अंधार, शांतता. बस. कडक तळावर बसून छातीच्या हाडाशी जखमा होतात, म्हणून टॉवेल हवाच. पाणी पाजणं, मासा कोंबणं नको. अशक्त पक्ष्याच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. आणि कृपा करून त्याला परत लाटांमध्ये सोडू नका. पिसांचा जलरोधकपणा गेलेला असेल तर तो गारठून बुडतो.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले किंवा आजारी दिसले तर हातही लावू नका, कळवा. २०२२ साली ब्रिटनमध्ये बर्ड फ्लूने गॅनेट आणि ग्रेट स्कुआ हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले.

दिव्यांना भुलून रात्री उतरलेल्या शिअरवॉटर-पेट्रेलच्या पिल्लांची गोष्ट वेगळी. ती बहुधा धडधाकट असतात. हवाईतल्या काउआई बेटावर अशी पिल्लं गोळा करून, तपासून समुद्रावर सोडण्याचं काम १९७९ पासून चालू आहे.

आता फोटो. ओळख पटवायला चोच, पाय, पंखाची खालची बाजू एवढं पुरतं, आणि ते केंद्रातले लोक तपासताना काढू शकतात. मापंही तेव्हाच मिळतात, म्हणजे नोंद उलट जास्त भक्कम होते. पंख पसरून धरायला लावणं, अंगावर फ्लॅश मारणं, बाजूला बसून सेल्फी, हे मला अजिबात मान्य नाही. ज्याला लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेली प्रजाती) हवाय त्याने केंद्राच्या दारात गर्दी करू नये. पक्षी मेला तर तो संग्रहालयाकडे जाईल एवढं बघा. पोटातलं प्लास्टिक, वय, उपप्रजाती हे सगळं त्यातून कळतं.

सोडायचा दिवस आणि जागा केंद्राने ठरवावी. बघायला कुणाला बोलवायचं, तेही त्यांनीच.