पेंग्विन बोटी नाहीत तिकडं का जात नाही?

प्रश्न: नमस्कार. आम्ही रंकाळ्याच्या बाजूला राहतो, पोरगी आठवीत आहे. सुट्टीत मुंबईला राणीबागेत पेंग्विन बघून आली तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता तिनं कुठंतरी वाचलंय की आफ्रिकेतले पेंग्विन मासेमारीमुळं उपाशी राहतायत. ती म्हणते एवढा मोठा समुद्र आहे, तर बोटी नाहीत तिकडं जायचं ना! आणि माझी शंका अशी की पाण्यात बुडी मारलेला पेंग्विन कुठं गेला हे माणसाला कळतं तरी कसं?
(एक आई, कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुमच्या मुलीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलंय, दक्षिण आफ्रिकेत गेली कित्येक वर्षं जो वाद चाललाय तो याच एका गोष्टीवर. आधी एक सांगतो, राणीबागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिनं वाचलं ते आफ्रिकन पेंग्विनबद्दल, जे फक्त दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात घरटी करतात. आता त्यांच्या 10 हजारसुद्धा जोड्या उरलेल्या नाहीत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं, त्याच्या पुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष.

तर, दुसरीकडं का जात नाहीत? कारण पिल्लं घरट्यात असतात तेव्हा पेंग्विन बांधलेला असतो. आईबाप आळीपाळीनं ड्युटी करतात, एकजण पिल्लांपाशी थांबतो आणि दुसरा पहाटे समुद्रात जाऊन पोटात मासे भरून शक्यतो संध्याकाळपर्यंत परत येतो, त्यामुळं जाऊनयेऊन जेवढं पोहता येईल तेवढाच त्याचा समुद्र, साधारण 20 ते 40 किलोमीटर. म्हणजे आपल्या हिशोबानं इथून पन्हाळा, फार तर इचलकरंजी. तेवढ्यात मासा नाही मिळाला तर फेरी लांबते, आणि फेरी लांबली की पिल्लू उपाशी. पिसं बदलायच्या वेळी तर अजून अवघड, तेव्हा जवळपास तीन आठवडे अंगावर वॉटरप्रूफ पिसं नसतात म्हणून समुद्रात उतरताच येत नाही, किनाऱ्यावर उपाशी उभं राहायचं. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत भरपूर खाऊन चरबी साठली नसेल तर तो त्यातून वाचत नाही.

शिवाय एकदा जिथं घरटं केलं ती जागा तो सहसा सोडत नाही. जून 2000 मध्ये केपटाऊनजवळ 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडून तेल सांडलं तेव्हा तेल न लागलेले सुमारे 19,500 पेंग्विन उचलून पार पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले, म्हणजे ते परत येईपर्यंत तेल साफ करायला वेळ मिळेल. पीटर, पामेला आणि पर्सी अशा तिघांच्या अंगावर सॅटेलाइट टॅग लावलेले, आणि ते तिघं शेकडो किलोमीटर पोहत घराकडं येतायत हे लोक रोज बघत होते. मला ही गोष्ट फार आवडते.

आता तुमची शंका. पेंग्विनच्या पाठीवर खालच्या बाजूला पिसांना वॉटरप्रूफ टेपनं छोटा जीपीएस लॉगर चिकटवतात, सोबत पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर असतो त्यावरून किती खोल गेला ते समजतं. पाण्याखाली जीपीएस चालत नाही पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं, तेवढ्यात जागेची नोंद होते. फेरी संपवून घरट्यावर आला की अलगद पकडायचं, टेप सोडवायची, डेटा काढून घ्यायचा. घर सोडून गेलेल्या तरुण पेंग्विनला मात्र असं पकडता येत नाही म्हणून त्यांना सॅटेलाइट टॅग लावतात, आणि त्यातून जे दिसलं ते वाईट आहे. ही तरुण पोरं थंड पाणी आणि भरपूर प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) बघून जागा निवडतात, कारण तिथं मासे असणारच असं त्यांच्या रक्तातच आहे, पण नामिबियाजवळच्या अशा जागी अतोनात मासेमारीनं सार्डीन कधीच संपलेत आणि आता तिथं जेलीफिश जास्त. म्हणजे पोरगीनं म्हटलं तसं लांब जाणारे जातातही, पण हाती काही लागत नाही.

राहिल्या बोटी. पेंग्विन मुख्यतः सार्डीन आणि अँचोव्ही खातात, म्हणजे आपल्या तारली आणि मांदेलीचे भाऊबंद. पर्ससीन बोटींनाही तेच पाहिजेत, त्या अख्ख्या थव्याभोवती जाळं टाकून खालून दोरी आवळतात. त्यात झालं असं की गेल्या पंचवीसेक वर्षांत सार्डीन बऱ्यापैकी पूर्वेला सरकले पण फॅक्टऱ्या आणि बंदरं पश्चिमेला राहिली, पेंग्विनची बेटंही तिथंच, मग जो काही मासा उरलाय त्याच्यावर दोघंही तुटून पडणार.

आधी संशोधक काय करायचे, पेंग्विन फिरतात तो एरिया आणि बोटी फिरतात तो एरिया नकाशावर एकमेकांवर ठेवून कॉमन भाग मोजायचे. पण छोट्याशा कॉमन भागात निम्मी वसाहत जेवत असेल तर? म्हणून स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आणि डासेन या पेंग्विनच्या बेटांसाठी किती पेंग्विन बोटींच्या जागी जेवतायत हे मोजलं. 2016 मध्ये मासा कमी होता तेव्हा जवळपास 20 टक्के पेंग्विन बोटी चालू असलेल्या जागी होते, मासा बरा असलेल्या वर्षांत सुमारे 4 टक्के. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की टक्कर कायम सारखी नसते, नेमकी दुष्काळाच्या वर्षी वाढते, आणि पेंग्विनला तेव्हाच ती सोसत नाही.

प्रश्न: माझा मासळीचा धंदा आहे, माल रत्नागिरी-मालवणहून येतो. मासेमारी बंद केली की मच्छीमारानं काय खायचं ते कोण सांगणार? पेंग्विनसाठी माणसांच्या पोटावर पाय का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दादा, अख्खा समुद्र बंद करा असं दक्षिण आफ्रिकेतही कुणी म्हणत नाही. 2008 पासून काही बेटांभोवती आलटून पालटून मासेमारी थांबवून बघितली, आणि 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सांगितलं की पेंग्विनला फायदा होतो पण तेवढ्यानं घसरण थांबणार नाही. पण बंद भागाच्या रेषा अशा आखलेल्या की पेंग्विन जिथं जेवतात तो बराचसा भाग बाहेरच. म्हणून पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था तिथल्या मंत्र्यांविरुद्ध कोर्टात गेल्या, मासेमारी कंपन्याही त्यात होत्या, आणि 18 मार्च 2025 ला प्रिटोरियाच्या हायकोर्टानं तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं, सहा वसाहतींभोवती 10 वर्षं ठरलेल्या भागात सार्डीन-अँचोव्ही पकडायचे नाहीत. उरलेला समुद्र बोटींना मोकळा. बोटींवर आणि फॅक्टरीत राबणाऱ्यांचं नुकसान होत नाही असं मी म्हणणार नाही, होतं, आणि भरपाईचा विचार झालाच पाहिजे. पण बोट दुसरीकडं जाऊ शकते, पिल्लं घरट्यात असलेला पेंग्विन नाही जाऊ शकत.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. रापणीवाल्यांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं) आणि पर्ससीनवाल्यांचं भांडण तुम्ही रोज ऐकत असाल. 2016 मध्ये आपल्या सरकारनं राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली ती किनाऱ्याजवळच्या छोट्या मच्छीमाराकडं बघूनच. लांब जाता न येणाऱ्याच्या दारातला मासा त्याच्यासाठी ठेवायचा, मला तरी दोन्हीकडं मागणी एकच दिसते.

प्रश्न: क्रिल ऑइलच्या गोळ्या घेतो, त्याचा पेंग्विनशी संबंध आहे का?
(राजारामपुरी)

उत्तर: आहे, पण आफ्रिकन नाही, अंटार्क्टिकातल्या पेंग्विनशी. अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू हे तिथले पेंग्विन मोठ्या प्रमाणात क्रिल (कोळंबीसारखा बारीक जीव) खातात आणि बोटीही अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच गर्दी करतात. तिथं क्रिल पकडायची वर्षाची मर्यादा 6 लाख 20 हजार टन आहे, ती कुठल्या भागात किती पकडायची याची वाटणी करणारा नियम 2024 मध्ये संपला, पुढच्या नियमावर देशांचं एकमत झालं नाही, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्यांदाच मर्यादा गाठली गेल्यानं सीझन लवकर बंद करावा लागला. ओमेगा-3 पाहिजे असेल तर जवस आहे, तारली-बांगडा आहे, पण गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्यांना विचारूनच बदला.