वाक्य पुरं कर

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला. थोरल्या भावाने ऐनवेळी अंग काढून घेतलं, पॅनेलने तुला उभं केलं, निवडूनही आलास. आणि आता ग्रामसभेत माइक हातात आला की घशाला कोरड पडते, म्हणून सरपंचपदाचा राजीनामा?

माझ्या आजीच्या डब्यात जुने रुपये होते, त्यांवर मुकुट घातलेला इंग्लंडचा राजा, सहावा जॉर्ज. घरचे त्याला बर्टी म्हणत. डावखुरा, पण बळजबरीने उजव्या हाताने लिहायला लावलेला. बोलायला उभा राहिला की अडखळायचा. १९२५ मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या समारोपात भर गर्दीपुढे त्याची फजिती झाली. पुढच्या वर्षी तो लायनेल लोग या, बोलण्यातले दोष सुधारणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाकडे गेला. लोगकडे डॉक्टरकीची पदवीसुद्धा नव्हती. श्वासाचे व्यायाम करायचे, अडणारा शब्द बदलायचा, थांबायच्या जागा कागदावर आधीच आखायच्या. डिसेंबर १९३६ मध्ये भावाने लग्नापायी गादी सोडली तेव्हा हा आईपुढे लहान पोरासारखा रडला. आणि ३ सप्टेंबर १९३९ च्या संध्याकाळी, युद्ध जाहीर झाल्यावर, रेडिओवर बोलायला बसला. (त्याच दिवशी व्हाइसरॉयने आपल्याला न विचारता युद्धात ओढलं, तो राग वेगळा.) ते भाषण ऐक. मध्ये मध्ये केवढा थांबतो! अडखळणं गेलेलं नव्हतंच. पण वाक्य पुरं करतो. तुला एवढंच करायचंय. वाक्य पुरं कर.

धीर आला की बोलेन, म्हणतोस. अरे, कधी येतो तो?

मला मुख्याध्यापकपद चालून आलं होतं. स्नेहसंमेलनात प्रास्ताविक करताना एका वाक्याच्या मध्येच 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो, आणि दुसऱ्या दिवशी नकार लिहून दिला. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, हे खोटं नाही. शाळा सांभाळून तिचं कोणी केलं असतं? पण नकार मी त्या अर्ध्या वाक्यापायी दिला. माझ्या जागी जे आले ते बोलायचे फार छान. वर्गांचं छप्पर सात पावसाळे गळत राहिलं.

म्हणून चिडतोय तुझ्यावर. वाईट वाटून घेऊ नकोस.

२६ जानेवारीच्या सभेत पाणीपट्टीचा विषय आधी घे, तो तुला पाठ आहे. 'थकबाकी'वर अडतोस ना? मग 'राहिलेले पैसे' म्हण. छोटी वाक्यं लिहून रविवारपर्यंत मला पाठव. थांबायच्या जागा मी लाल पेनाने आखून देतो.