टाकून द्यायचेच भ्रूण संशोधनाला वापरले तर त्यात अनैतिक काय?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: भ्रूणापासून मिळणाऱ्या मूलपेशींवरील संशोधनाला अमेरिकेत एवढा राजकीय विरोध का झाला, आणि आयव्हीएफनंतर (शरीराबाहेर फलन घडवून मूल होण्यासाठी केलेल्या उपचारानंतर) उरलेले, नाही तरी टाकून दिले जाणारे भ्रूण अशा कामासाठी वापरण्यात अनैतिक ते काय. मी एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. या संशोधनाला माझा मनापासून पाठिंबा आहे. तरीही ‘नाही तरी टाकूनच द्यायचे’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो.

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोहोचतो. तेव्हा तो शे-दोनशे पेशींचा, टाचणीच्या डोक्याहूनही बराच लहान असा पोकळ गोळा असतो आणि त्याच्या आत एका बाजूला पेशींचा एक पुंजका असतो. पुढे शरीर याच पुंजक्यापासून घडते. तो वेगळा काढून वाढवला की शरीरातील कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी मिळतात, मात्र तो काढताना भ्रूण नष्ट होतो. 1998 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी दान मिळालेल्या 36 भ्रूणांपासून मानवी मूलपेशींच्या पाच सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींच्या पाच मालिका, तयार केल्या, आणि वादाला तोंड फुटले.

आता ‘उरलेले’ म्हणजे नेमके कोणते? अमेरिकेत 2003 मध्ये रँड या संस्थेने केलेल्या पाहणीत सुमारे चार लाख गोठवलेले भ्रूण आढळले, परंतु त्यांपैकी जेमतेम 3 टक्के संशोधनासाठी दिलेले होते. बहुतेक सगळे जोडप्यांनी स्वतःच्या पुढील उपचारांसाठी राखून ठेवलेले होते. मला याचे आश्चर्य वाटत नाही. मूल झाल्यानंतरही अनेक जोडपी गोठवणुकीचे शुल्क वर्षानुवर्षे भरत राहतात, कारण ‘नष्ट करा’ या रकान्यापुढे सही करणे त्यांना जड जाते. म्हणजे भ्रूण ‘टाकायचा’ ठरतो तो कोणाच्या तरी निर्णयाने, आणि तो निर्णय संशोधनाची मागणी पुढे येण्याआधी, कोणत्याही दडपणाविना झालेला असला पाहिजे. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच संशोधनासाठी भ्रूण मागितला, तर अजून गर्भ राहण्याची वाट पाहणारी स्त्री नकार कसा देणार?

विरोधकांचे म्हणणेही नीट समजून घ्यायला हवे. कॅथलिक चर्चच्या मते फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्तीसारखी वागणूक मिळाली पाहिजे, आणि याच भूमिकेतून चर्च आयव्हीएफलाही विरोध करते. तेव्हा त्यांच्यावर विसंगतीचा आरोप करता येत नाही. ज्यू परंपरेत गर्भाशयाबाहेरील भ्रूणाला तसा दर्जा नाही. आपल्याकडे चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत आल्यावर त्याला ‘गर्भ’ म्हटले आहे, त्यामुळे या एका वचनातून जीव प्रारंभापासून असतो असेही काढता येते आणि काचेच्या बशीतला भ्रूण अजून गर्भ नाही असेही. माझे मत असे, की साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, शरीराचा अक्ष ठरलेला नसतो, मज्जासंस्थेचा मागमूस नसतो. अशा अवस्थेला व्यक्तीचे हक्क लागू करता येत नाहीत. मात्र ती कोणत्याही पेशींसारखी वस्तूही नव्हे, आणि म्हणूनच ती विकता येऊ नये आणि क्षुल्लक कारणासाठी वापरली जाऊ नये.

अमेरिकेत हा वाद गर्भपाताच्या राजकारणात सापडला. 1996 पासून तेथील अर्थसंकल्पी कायद्याला दरवर्षी डिकी-विकर दुरुस्ती जोडली जाते आणि तिच्यानुसार भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा देता येत नाही. खासगी पैशाला मात्र या दुरुस्तीची आडकाठी नाही. थॉमसन यांचे कामही जेरॉन या खासगी कंपनीच्या पैशावर झाले. 9 ऑगस्ट 2001 रोजी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले, की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या सेल लाइनपुरताच सरकारी निधी मिळेल, कारण त्या भ्रूणांचा शेवट आधीच झालेला आहे. साठाहून अधिक सेल लाइन असल्याचे तेव्हा सांगितले गेले, पण संशोधकांच्या हाती आल्या सुमारे एकवीस. साठाहून अधिक सेल लाइनच्या त्या मूळ यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन सेल लाइन होत्या, हे आपल्याकडे फारच थोड्यांना आठवते. पुढे निर्बंध सैल करणारे विधेयक बुश यांनी 2006 आणि 2007 मध्ये नकाराधिकार वापरून रोखले, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2004 मध्येच 3 अब्ज डॉलरची स्वतंत्र तरतूद मंजूर केली होती, आणि 2009 मध्ये ओबामांनी बुश यांची मर्यादा उठवली. डिकी-विकर दुरुस्ती मात्र कायम राहिली.

या धोरणावर माझा मुख्य आक्षेप असा, की भ्रूण नष्ट करणे हे हत्येसमान मानायचे, तर खासगी प्रयोगशाळेत ते चालू कसे द्यायचे? आणि तसे मानायचे नसेल, तर सार्वजनिक पैसा आणि त्याबरोबर येणारी देखरेख यांपासून हे काम दूर का ठेवायचे? ब्रिटनने अधिक प्रामाणिक वाट धरली. मेरी वॉरनॉक या तत्त्वज्ञ विदुषींच्या समितीने 1984 मध्ये भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपुढे वाढवू नये अशी मर्यादा सुचवली, 1990 मध्ये संसदेने तिचा कायदा केला आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रयोगशाळेला परवाना बंधनकारक केला.

सगळी चर्चा भ्रूणाभोवती फिरली की बीजांडे देणाऱ्या स्त्रिया नजरेआड होतात, हे मला सर्वांत अधिक खुपते. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या संशोधकांनी क्लोनिंगद्वारे मूलपेशी मिळवल्याचा दावा केला, तो खोटा निघाला आणि 2006 मध्ये त्यांचे दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. त्या फसव्या कामासाठी दोन हजारांहून अधिक बीजांडे खर्ची पडली होती. काही स्त्रियांना पैसे दिले होते, काही तर त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिका होत्या. बीजांडे मिळवण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात आणि त्यांचे दुष्परिणाम प्रसंगी गंभीर होतात.

जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींपासून, भ्रूण न वापरता, मूलपेशींसारख्या पेशी बनवल्या, तेव्हा वाद संपल्याचे अनेकांना वाटले. तो संपलेला नाही. टाइप 1 मधुमेहावरील ज्या उपचाराचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी भ्रूणीय मूलपेशींपासूनच घडवलेल्या आहेत. पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 रुग्णांपैकी 10 जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. रुग्णसंख्या लहान आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतातच, तरी हे यश मी मोठे मानते.

भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने 2007 मध्ये मूलपेशी संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, 2017 मध्ये ती सुधारली, आणि चौदा दिवसांची मर्यादा त्यांत आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने स्वतःच्या सेल लाइनही तयार केल्या आहेत. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने संशोधनासाठी भ्रूण परदेशी पाठवण्यास बंदी घातली, मात्र देशातील संशोधन कसे व्हावे हे नियमांवर सोपवले. त्याच वर्षी मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौदा दिवसांपुढील प्रयोगांवरील सरसकट मनाई काढून टाकली, त्यामुळे मर्यादा वाढवण्याची मागणी आपल्याकडेही येईल. तेव्हा तो निर्णय तज्ज्ञ समितीच्या परिपत्रकाने होऊ नये, तो संसदेत उघड चर्चा होऊनच व्हावा, आणि ज्यांच्या सहीने भ्रूण प्रयोगशाळेत येतो त्या जोडप्यांचे म्हणणे त्याआधी ऐकले जावे.