रोमन इतिहासात जो तो 'गायस'च का असतो? त्यातले लक्षात ठेवण्यासारखे गायस कोणते?

थोडक्यात सांगायचं तर त्या लोकांकडे नावंच कमी होती. खरंच. रिपब्लिकच्या म्हणजे सम्राट येण्याआधीच्या प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात रोममध्ये पुरुषांसाठी सर्रास वापरातली पहिली नावं मोजून अठराएक, आणि त्यातही अर्ध्याहून जास्त गर्दी लुसियस, मार्कस आणि गायस ह्या तिघांत. मुलगा झाला की नवव्या दिवशी (मुलीचं आठव्या दिवशी) त्यांचं बारसं व्हायचं, आणि तिथे कोणी नावांची यादी घेऊन बसत नसे, थोरला असेल तर बहुतेक वेळा बापाचंच नाव, मग काका-आजोबांची. सीझरच्या घराण्यात तर गायस, लुसियस आणि सेक्स्टस एवढी तीनच नावं चालायची. त्यामुळे आपल्याला माहीत असलेला तो गायस ज्युलियस सीझर, त्याचा बाप गायस ज्युलियस सीझर, आणि आजोबा पण गायस ज्युलियस सीझर. बायकांचं तर अजून वाईट, त्यांना बहुतेक वेळा पहिलं नावच नाही, घराण्याच्या नावाचं स्त्रीलिंग केलं की झालं, म्हणून सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया, आत्या ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच.

म्हणजे पहिलं नाव हे घरात हाक मारायला, बाहेर ओळख पटायची ती घराण्याच्या नावावरून आणि तिसऱ्या नावावरून. आपल्याकडे एकाच वाड्यात चार गणपतराव असले की एक लंगडा गणपत, एक टोपीवाला गणपत होतो ना, ही तिसरी नावं बरीचशी तशीच आहेत, कोणी नाकावरून, कोणी टकलावरून.

शिलालेखात तर पहिलं नाव पूर्ण लिहायचेही नाहीत, एक अक्षर टाकलं की काम झालं. लुसियसला एल, मार्कसला एम, आणि गायसला… सी! जी नाही. मला हे कळेपर्यंत मी कितीतरी फोटोंमध्ये हा सी कोणाचा म्हणून डोकं खाजवत होतो. भानगड अशी की जुन्या लॅटिनमध्ये क आणि ग दोन्हीला एकच अक्षर होतं, सी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याला एक छोटी रेघ जोडून जी बनवला, पण तोपर्यंत नावांचे शॉर्टफॉर्म रुळलेले होते, ते कोणी बदलले नाहीत. पुढे बऱ्याच युरोपियन पुस्तकांत 'कायस' असं छापलेलं दिसतं ते ह्या सीमुळेच, माणूस तोच. उच्चार मुळात तीन तुकड्यांत, गा-इ-उस.

रोममध्ये एक पिरॅमिड आहे माहितेय का? त्याच्या शेजारच्या मेट्रो स्टेशनचं नावच पिरामिदे. ३६ मीटरच्या आसपास उंच, बाहेरून पांढऱ्या संगमरवराने मढवलेला, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटी-शेवटी बांधलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत सुरुवात होते ती 'सी सेस्टियस एल एफ' अशी. हे फोडलं की होतं गायस सेस्टियस, लुसियसचा मुलगा (एफ म्हणजे फिलियस, मुलगा). पुढे त्याची पदं, आणि खालच्या ओळींत काय तर हे काम मृत्युपत्राप्रमाणे ३३० दिवसांत पूर्ण केलं. ह्या गायसने आयुष्यात फार मोठं काही केल्याचं दिसत नाही, पण थडगं असलं बांधून घेतलं की आज त्याच्या नावाने पर्यटक थांबतात.

ह्याच सीची अजून एक गंमत, दगडावर कधीकधी तो उलटा कोरलेला असतो. उलटा सी म्हणजे 'गाया', आणि गाया म्हणजे कोणीही बाई. एखाद्या बाईने गुलामाला मुक्त केलं तर त्याच्या नावात मालकाचं पहिलं नाव घालायची पद्धत, पण बाईला पहिलं नावच नसेल तर घालणार काय, म्हणून सगळ्यांनाच हा एक उलटा सी. लग्नातही नवरी म्हणायची, जिथे तू गायस तिथे मी गाया, नवऱ्याचं खरं नाव काही का असेना. कायद्याच्या पुस्तकांतही उदाहरणाला अमुकतमुक माणूस लागला की लुसियस टिटियस नाहीतर गायस सेयस, म्हणजे आपले सोम्यागोम्याच.

आता प्रसिद्ध गायस. सगळे सांगत बसलो तर उत्तर संपणार नाही, मला आवडणारे सांगतो.

गायस ग्रॅकस. इ.स.पू. १२३ आणि १२२ ला ट्रिब्यून (सामान्य लोकांनी निवडलेला त्यांचा प्रतिनिधी), गरिबांना स्वस्त धान्य, जमीनवाटप असले कायदे आणले आणि सिनेटमधले बडे लोक हात धुऊन मागे लागले. १२१ मध्ये तो मारला गेला. कॉन्सलने (दरवर्षी निवडला जाणारा रोमचा सर्वोच्च अधिकारी) जाहीर केलं होतं की त्याचं डोकं आणेल त्याला तेवढ्याच वजनाचं सोनं. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो की ज्याने डोकं आणलं त्याने आधी आतला मेंदू काढून त्यात शिसं ओतलं होतं. मापात पाप करणारे तेव्हाही होतेच.

गायस मारियस, सात वेळा कॉन्सल, सीझरच्या त्या ज्युलिया आत्याचा नवरा. ह्याला तिसरं नावच नाही. प्लुटार्कने त्याच्या चरित्राची सुरुवातच ह्या मुद्द्याने केलीये, हे मला फार आवडतं.

मग सीझर. आणि त्याला मारणाऱ्यांतही गायस होतेच, कट रचणारा गायस कॅसियस, आणि सीझरचा साथीदार अँटनी, त्याला बाहेर गप्पांत अडकवून ठेवणारा गायस ट्रेबोनियस. पण ह्या प्रकरणात मला खरं वाईट वाटतं ते तिसऱ्याच एका गायसचं. सीझरच्या अंत्यविधीनंतर जमाव खवळलेला, त्यांना हवा होता लुसियस कॉर्नेलियस सिन्ना, आदल्या दिवशी सीझरविरुद्ध जहाल भाषण ठोकलेला. रस्त्यात सापडला गायस हेल्वियस सिन्ना, हा कवी आणि उलट सीझरच्याच बाजूचा माणूस. लोकांनी 'सिन्ना' एवढंच ऐकलं, मारून टाकलं आणि डोकं भाल्यावर लावून गावभर फिरवलं. पहिलं नाव वेगळं होतं, घराणं वेगळं होतं, पण तिसरं नाव जुळलं आणि जीव गेला.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टससुद्धा जन्माने गायस ऑक्टेवियस, सीझरच्या मृत्युपत्रात दत्तक गेल्यावर गायस ज्युलियस सीझर. पण त्याने पुढे गायस चक्क टाकून दिलं आणि त्याजागी इम्पेरेटर (विजयी सेनापतीची पदवी) लावलं, पहिलं नाव म्हणून! हुशार माणूस, गायस तर गल्लीत छप्पन्न होते.

आणि कॅलिगुला. हे त्याचं नाव नाहीच, त्याचं नाव गायस. लहानपणी आईबापाबरोबर सैन्याच्या छावणीत असायचा, सैनिकांसारखे छोटे बूट घालून फिरायचा, त्या बुटाला कॅलिगा म्हणत, म्हणून सैनिकांनी लाडाने कॅलिगुला केलं, बुटुकल्या म्हणा हवं तर. सम्राट झाल्यावर ते त्याला अजिबात खपत नसे. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ लिहितो की एका अधिकाऱ्याला कॅलिगुला म्हटल्याबद्दल शिक्षा झाली, आणि दुसऱ्या एकावर हा भडकला कारण त्याने नुसतं 'गायस' म्हणून नमस्कार केला. म्हणजे टोपणनावाने बोलवलं तरी राग, नावाने बोलवलं तरी राग. इ.स. ४१ मध्ये त्याच्याच अंगरक्षकांनी त्याला कापला.

त्यावरून स्युटोनियस हा रोमन चरित्रकार एक निरीक्षण टाकतो की सीझर घराण्यात गायस नावाचे जेवढे झाले ते सगळे शस्त्रानेच मेले. वाचायला भारी वाटतं पण टिकत नाही. सीझरचा बाप गायस होता, तो पिसाला सकाळी बूट घालता घालता अचानक गेला, हे प्लिनी ह्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, आणि ऑगस्टस तर पंच्याहत्तरी गाठून अंथरुणात मेला. बाय द वे, स्युटोनियसचं पहिलं नाव गायस आणि प्लिनीचं पण गायस.

शेवटचा गायस माझा खास, कारण मी लॉ केलंय. इतके गायस सांगितले पण प्रत्येकाला आपण दुसऱ्याच नावाने ओळखतो. नुसता 'गायस' म्हणून ओळखला जाणारा एकच, इ.स. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित. कायदा म्हणजे माणसं, वस्तू आणि दावे अशी त्याने केलेली विभागणी सम्राट जस्टिनियनने ५३३ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात उचलली. त्याआधी ४२६ मध्ये तेव्हाच्या सम्राटाने हुकूम काढला होता की कोर्टात कोणाची मतं मानायची, त्या पाच जणांत हा होता. ती विभागणी असलेलं गायसचं मूळ पुस्तक मात्र हरवलेलं. १८१६ मध्ये नीबुर नावाचा जर्मन इतिहासकार रोमला चालला होता, वाटेत व्हेरोनाच्या ग्रंथालयात थांबला, तिथे संत जेरोमच्या पत्रांचं एक जुनं हस्तलिखित होतं आणि त्या ओळींच्या खाली खरवडून काढलेली दुसरीच अक्षरं पुसट दिसत होती. तो गायस होता. खालची शाई वर यावी म्हणून नंतर लोकांनी पानांवर रसायनं लावली, त्यात काही पानं कायमची खराब झाली, पण पुस्तकाचा बहुतेक भाग हाती आला. फक्त त्याचं घराण्याचं नाव त्यातही कुठे सापडलं नाही.