ऑफिसची पार्टी आणि अर्धपोटी घरी

‘ऑफिसच्या लोकांबरोबर हॉटेलात जेवायला जायचं म्हटलं की नकोच वाटतं.’ हे गाऱ्हाणं समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून इतक्या तऱ्हांनी ऐकलंय की आता त्यावर एकदा लिहायलाच हवं. बँकेतले, आयटीतले, कॉलेजात शिकवणारे पन्नाशीचे एक गृहस्थसुद्धा. कोणाचं ऐनवेळी डोकं दुखतं, कोणाला नेमका त्याच दिवशी उपास आठवतो.

त्यातलीच रश्मी. नाव अर्थातच बदललंय. इंदूरच्या रामबागेत वाढलेली, तिथल्याच विजयनगरला एका सीए फर्ममध्ये नोकरीला. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची धावपळ संपली की त्यांचं जेवण ठरलेलं. सहकारी कौतुकानं म्हणायचे, ‘मैडम तो चिड़िया जितना खाती हैं.’ आणि ही चिमणी घरी येऊन रात्री ओट्याशी उभी राहून दहीभात खायची.

‘तिथे भूक नसते का?’ मी विचारलं.

‘असते ना मॅडम. पण मधे ती कढई ठेवलेली असते. पनीरचे दहा-बारा तुकडे, माणसं आठ. मी एक घेते. दुसरा घेतला तर हावरट दिसेन.’

‘सराफ्यात जातेस?’ इंदूरचा हा सराफ बाजार रात्री खाऊगल्ली होतो.

‘जाते की! भुट्ट्याचा कीस, गराडू, सगळं खाते.’

‘तिथे तर रस्त्यावर उभं राहून, शंभर लोकांच्या देखत.’

‘तिथे माझा द्रोण माझा असतो.’

म्हणजे चारचौघांत खाण्याची भीती नव्हती. मधल्या भांड्यातून आपल्या हातानं घेण्याची होती. हा फरक महत्त्वाचा. घास घेताना हात थरथरत असेल, गिळताना घसा आवळत असेल, ऑफिसात डबा उघडणंही बंद झालं असेल, तर तो त्रास निराळा. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नये. रश्मीचं तसं नव्हतं. तिच्या घरी शिस्त होती: पानात पडेल ते खायचं, मागायचं नाही. आपल्या बहुतेकांच्या घरी असतेच.

पुढच्या एका भेटीत ती परत तेच सांगत होती. कोणती भाजी होती, आपण किती घेतली, कोणी पाहिलं असेल. मी मधेच विचारलं, ‘तुझ्या शेजारी बसलेल्यानं पनीरचे किती तुकडे घेतले?’

‘माहीत नाही.’

‘समोरच्या बाईंनी नान किती खाल्ले?’

ती थांबली. ‘नाही बघितलं.’

‘ऑडिट करतेस ना तू? मग आठ जणांच्या जेवणात एकच खातं कसं तपासलंस?’

ती आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही. अशा वेळी समुपदेशकानं आपलं शहाणपण खिशात ठेवून गप्प बसावं. मी बसले. हे गप्प बसणं आता मला बरं जमतं. शेवटी तीच म्हणाली, ‘म्हणजे तेही आपापलंच बघत असणार.’

हे तिच्या तोंडून आलं याचं मला मोल. मी सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि पुढच्या पार्टीला पुन्हा एकच तुकडा घेतला असता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेला विवेकनिष्ठ विचार माझ्या कामाचा पाया आहे: त्रास नुसत्या प्रसंगामुळे होत नाही, त्याबद्दल आपण मनात काय म्हणतो त्यानं होतो. दुसऱ्या तुकड्याबद्दल माणूस मनात स्वतःला काय ऐकवतो, तिथे मी आधी कान देते. तिला मग कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या जणांच्या तरी तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांच्या लक्षात आला होता.

इथवर ऐकून लोक खूश होतात. पण याची दुसरी बाजू मी मुद्दाम सांगते. कोणी बघत नाही, म्हणजे तुमचं ताट रिकामं आहे हेही कोणी बघत नाही. आपल्या पंगतीत वाढपी असतो, तो दोनदा ‘नको’ ऐकूनही तिसऱ्यांदा वाढतो. हॉटेलच्या टेबलावर तो नसतो. रश्मी तिथे नकळत आग्रहाची वाट बघत होती.

‘गणपतीत पंगतीला वाढतेस का?’

‘दरवर्षी. मसालेभात माझ्याकडेच.’

‘तेव्हा लाज?’

‘त्यात कसली लाज!’

झालं. पुढच्या जेवणाला कढई आपल्याकडे ओढायची, दोघांना वाढायचं आणि तिसरा डाव आपल्या ताटात. तिनं ते केलं. येऊन सांगत होती की तांब्याच्या कढईचा कान चांगलाच तापलेला होता, नॅपकीन धरून उचलली, आणि तीन जणांनी ताटं पुढे केली. ‘त्यातल्या एकाला पनीर हवं होतं पण मागवत नव्हतं, मॅडम!’ हे ती एखादा घोटाळा पकडल्याच्या थाटात म्हणाली.

उरला पैशाचा प्रश्न. खाल्ली दाल आणि दोन रोट्या, बिल मात्र समान वाटून. ही खुपणारी गोष्ट खरी आहे, तिला मनाचे खेळ म्हणू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका अभ्यासात, बिल समान वाटायचं ठरलेल्या गटांनी आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवल्याचं दिसलं. तेव्हा चिडचिड साहजिक. पण बोलायची वेळ ऑर्डर देण्याआधीची. बिल टेबलावर आल्यावर बोललात तर तुम्ही चिकट ठरता. मेन्यूकार्ड हातात असताना ‘आज मी माझं वेगळं देते हं’ म्हटलं तर कोणी मान वर करत नाही. जीएसटीचे पाच टक्के मोबाइलवर धरता येतात, यूपीआयनं रुपया-रुपयाचा हिशेब चुकता होतो. आणि खरं सांगायचं तर, पोटभर जेवायला लागल्यावर समान वाटणीबद्दल रश्मीची तक्रार बरीच उतरली. दर वेळी उतरेलच असं नाही. सगळ्यांचे पगार काही सारखे नसतात.

म्हणून पार्टी ठरवणाऱ्या साहेब-मॅडमनाही सांगते. सगळ्यांच्या वतीनं तुम्हीच ऑर्डर देऊ नका. बिल कसं वाटायचं ते निघायच्या आधीच ग्रुपवर लिहा. आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्यापर्यंत भांडी पोचतात का, तेवढं बघा.