परदेशी कोणाला जायचंय, मुलीला की तुम्हाला?

(पत्र थोडक्यात: दारव्हा तालुक्यातले एक वडील जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात कनिष्ठ अभियंता आहेत. पुढच्या वर्षी ५८ पूर्ण होऊन निवृत्त होतील. मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला. तिने वर्षभर आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जावं अशी त्यांची इच्छा. एक एजंट त्यासाठी सव्वादोन लाख मागतो. "सेवेच्या नावानं गेली की पुढे तिकडेच नोकरी लागते म्हणतो. पैसे भरू का?")

भाऊ, पैसे भरू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तुम्हाला आवडेलच असं नाही.

तुमच्या चार पानी पत्रात मुलीच्या वाट्याला तीन ओळी आल्या आहेत. गुण बरे आहेत, सोयाबीनच्या बीजोत्पादनात रमते, कृषी सेवेची परीक्षा द्यायची म्हणते, "पण तिला अजून समज नाही." बाकी सगळं तुमचं. तरुणपणी परदेशी पोरांच्या शिबिरात तुम्ही राबलात, त्यांच्याकडे जायची संधी आली, पण वडील म्हणाले वावर कोण पाहील. बहिणींची लग्नंही व्हायची होती. मग दीड पान नुसते कोल्हापुरी बंधारे: पावसाळा सरल्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकताना रबर सील कुजलेलं निघतं तेव्हा गळती कशी बंद करायची, बरगे चोरीला जाऊ नयेत म्हणून गावालाच राखणीला कसं बसवलं. ते दीड पान मी दोनदा वाचलं.

आता मला सांगा, जिला स्वतःची परीक्षा निवडायची समज नाही, तिला एकटीला अनोळखी मुलखात वर्षभर धाडायला तुम्ही तयार कसे? तुमच्या वडिलांनी तुम्हाला न विचारता अडवलं. तुम्ही तिला न विचारता पाठवताय. तिच्या जागी मी असतो तर रुसलो असतो.

एजंटानं डोक्यात भरवलेला गैरसमज असा की स्वयंसेवा म्हणजे परदेशातल्या नोकरीचं मागचं दार. तसं नसतं. स्वयंसेवकाचा व्हिसा त्या कामापुरता आणि त्या मुदतीपुरता असतो. काही दलाल तर पोरांना टुरिस्ट व्हिसावर पाठवतात, आणि त्या व्हिसावर बिनपगारी काम करणंही कित्येक देशांत बेकायदा ठरतं. पकडलं गेलं तर पासपोर्ट पोरीचा अडकतो, एजंटाचा नाही. युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स ही १९७० साली सुरू झालेली संयुक्त राष्ट्रांची योजना उमेदवाराकडून एक पैसा घेत नाही. उलट तिथं राहण्याखाण्यापुरता भत्ता देते. मात्र पुढच्या नोकरीची हमी तीही देत नाही.

मुलीसाठी एमपीएससी आणि एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा हे दोन्ही रस्ते सरळ आहेत. तिला त्यातलं सगळं ठाऊक असणार.

खरं पत्र तुमचं आहे, तेव्हा उत्तरही तुम्हालाच देतो. तुम्ही जा. संयुक्त राष्ट्रांच्या त्या योजनेत ८० वर्षांपर्यंतच्या माणसांना घेतात, आणि तज्ज्ञांच्या गटाला १५ वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे त्याच्या दुप्पट असेल. उतारवयात कोण जातं म्हणाल, तर अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतर्फे आपल्या विक्रोळीत नर्स म्हणून आल्या होत्या. (पीस कोअर फक्त अमेरिकी नागरिकांना घेतं, तिथं अर्ज करू नका.)

निवड सोपी नाही. मुलाखत इंग्रजीत होते, पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी फ्रेंचही लागते. साहेबासमोर अडखळत बोलतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वर्षभर रोज अर्धा तास मुलीसमोर बसून बंधाऱ्याची दुरुस्ती इंग्रजीत समजावून सांगायची. ती चुका काढेल, काढू द्या. निवड होईपर्यंत बाबा आमटेंच्या आनंदवनाचा सोमनाथ प्रकल्प आहे, मेळघाटात पाण्यावर काम करणारे गट आहेत, तिथं दोन-तीन महिने राहून या. तुमच्या घरापासून ते फार लांब नाही आणि पासपोर्टही लागत नाही.

कुठल्या बंधाऱ्यावर कोणत्या साली काय काम केलं याचे दाखले मात्र निवृत्तीच्या आधीच कार्यालयातून सहीशिक्क्यानिशी घ्या. एकदा निरोपसमारंभ झाला की तुमच्या फायलीसाठी कोणी खुर्चीवरून उठत नाही.