छावणीवरच्या कादंबऱ्यांत स्वातंत्र्याबद्दल कुणी बोलतच का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रशियन लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिनची, स्टालिनच्या काळातल्या सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावणीतला कैदी इव्हान डेनिसोविच शुखोव्ह याच्या एका दिवसाची छोटी कादंबरी तुम्ही वाचलीत. पानोपानी पाव, पातळ सूप, बूट आणि थंडी. पळून जायचा बेत नाही, बंड नाही, स्वातंत्र्यावर धड चार वाक्यं नाहीत. मग तिला स्वातंत्र्यावरचं पुस्तक का म्हणतात, आणि या वाटेने पुढे काय वाचावं?

मला ही कादंबरी फार जवळची आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. पण मुद्दा आधीच सांगते. तुम्हाला जो पावाचा हिशोब वाटला, तीच त्या पुस्तकातली स्वातंत्र्याची चर्चा आहे.

शुखोव्हला पहाटे पाचला उठवतात, टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून. तिथून रात्रीच्या शेवटच्या मोजणीपर्यंत त्याचा दिवस सरकारच्या मालकीचा. लेखक एके ठिकाणी साधी बेरीज मांडतो: झोप सोडली तर कैदी स्वतःसाठी जगतो तो सकाळी जेवताना दहा मिनिटं, दुपारी पाच आणि रात्री पाच. म्हणजे वीस मिनिटं. एवढीच वीस मिनिटं ज्याची स्वतःची आहेत, तो जेवताना काय करतो, हे लेखक बारकाईने सांगणारच. शुखोव्ह कितीही थंडी असली तरी टोपी घालून जेवत नाही. सूपात सुटा तरंगणारा माशाचा डोळा तो खात नाही. डोळा डोक्यात जागच्या जागी असेल तर खातो. यावरून लोक त्याला हसतात. त्याचं कारण पुस्तकात कुठेच दिलेलं नाही, आणि ते तसंच बरं आहे. छावणीतले बाकी सगळे नियम दुसऱ्यांनी केलेले. हा एक त्याचा स्वतःचा.

पावाचंही तसंच. सकाळचं रेशन कागदावर ५५० ग्रॅम; हातात येतं ते थोडं कमीच, हे सगळ्यांना ठाऊक. शुखोव्ह अर्धा पाव गादीत खुपसतो आणि टोपीत लपवलेल्या सुईदोऱ्याने शिवून टाकतो. हातोहात, झडतीला बाहेर पळायच्या आधी. सगळा आताच खाल्ला तर दिवसभर पोटात आधार नाही, अंगावर नेला तर झडतीची भीती, मागे ठेवला तर चोरीची. मी हे पान वाचते तेव्हा मला भुकेपेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं: हा माणूस अजून संध्याकाळचा विचार करतोय. सकाळी बसून संध्याकाळचं काही ठरवता येणं हे बाहेर आपल्याला इतकं फुकट मिळालेलं असतं की त्याला आपण स्वातंत्र्य म्हणतच नाही.

अगदी सुरुवातीला शुखोव्हला त्याच्या पहिल्या छावणीतल्या कुझ्योमिन या मुकादमाचं सांगणं आठवतं. तिथे मरतो कोण? दुसऱ्यांच्या थाळ्या चाटणारा, दवाखान्यावर आशा लावून बसणारा आणि अधिकाऱ्यांकडे चुगल्या करणारा. यातल्या खबऱ्याबद्दल शुखोव्ह मनात लगेच दुरुस्ती करतो. खबरे जगतात, फक्त दुसऱ्यांच्या रक्तावर. मला वाटतं ही दुरुस्तीच पुस्तकाला प्रामाणिक ठेवते. चांगला वागलास तर वाचशील असं आश्वासन ते कुणालाच देत नाही.

आता भिंतीचं प्रकरण. तुम्ही ते घाईत वाचलं असावं असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं, आणि पुस्तकाचा गाभा तिथेच आहे. उणे सत्तावीसच्या आसपास थंडी. अर्धवट राहिलेल्या वीजकेंद्राचा दुसरा मजला. माल गरम असतानाच थापीने पसरायचा, ब्लॉक ताबडतोब बसवायचा, नाहीतर माल गोठला की तो ब्लॉक कायमचा वाकडा. शुखोव्हने चांगली थापी लपवून ठेवलेली असते, कारण सरकारी अवजार रोज परत करावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी कुठलं वाट्याला येईल याचा भरवसा नाही. आधीच्या गवंड्याने बिघडवून ठेवलेली भिंत तो तीन थरांत सरळ कशी आणायची याचा अंदाज बांधतो आणि कामाला लागतो. मग पुढची कितीतरी पानं त्याला थंडी आठवत नाही, पाठदुखी आठवत नाही. काम थांबवायची खूण झाल्यावरही माल वाया जाऊ नये म्हणून तो थांबतो, आणि सगळे धावत सुटलेले असताना मागे वळून भिंत डोळ्याने जोखून बघतो.

भिंत कुणासाठी? त्यालाच डांबून ठेवणाऱ्या राज्यासाठी. हे लेखकाला पुरतं माहीत आहे. त्याच दिवशी ही तुकडी एका उघड्या माळावरच्या कामातून वाचलेली असते. तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे खड्डे खणायचे, खांब रोवायचे आणि स्वतःभोवतीच काटेरी तार ओढायची. तरीही भिंत सरळ यावी असं शुखोव्हला वाटतं. याला काहीजण गुलामाची निष्ठा म्हणतात. मला ते पटत नाही. भिंत वाकडी आली असती तर राज्याचं काही बिघडलं नसतं. शुखोव्हचं बिघडलं असतं. सोल्झेनित्सिन स्वतः कझाकस्तानातल्या एकिबास्तुझच्या छावणीत गवंडीकाम शिकले होते, म्हणून हे प्रकरण इतकं हातातून लिहिल्यासारखं वाटतं.

बंड का नाही, याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कादंबरीतला दिवस १९५१च्या जानेवारीतला. ज्या एकिबास्तुझवरून ती बेतली आहे, तिथेच बरोबर वर्षाने, १९५२च्या जानेवारीत, कैद्यांनी काम आणि जेवण दोन्ही बंद केलं. आधीच उपाशी असलेल्या माणसांनी, ज्यांचा दिवस ग्रॅमवर चालायचा त्यांनी, पाव नाकारला. सोल्झेनित्सिन तेव्हा तिथे होते. त्यांना बंडाची कादंबरी लिहिता आली असती, पण त्यांनी बंडाच्या आधीचा एक साधा, बऱ्यापैकी नशिबाचा दिवस निवडला. पाव म्हणजे काय हे ज्याला या पुस्तकातून कळलं, त्याला तो पाव नाकारणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि ‘चार वाक्यं धड नाहीत’ हे तितकंसं खरं नाही. आहेत, पण लपून बसलेली आहेत. एके ठिकाणी शुखोव्हला वाटतं की राजकीय कैद्यांसाठीच्या या विशेष छावणीत स्वातंत्र्य पोटभर आहे. जुन्या छावणीत बाहेर काडेपेट्या मिळत नाहीत एवढं कुजबुजलं तरी आणखी दहा वर्षं. इथे वरच्या फळीवरून स्टालिनबद्दल काहीही ओरडा, कुणी वर कळवायची तसदी घेत नाही. तारेच्या आत बोलायची मुभा आणि बाहेरचा सगळा देश गप्प. हे वाक्य १९६२ साली मॉस्कोच्या ‘नोव्ही मीर’ मासिकात वाचणाऱ्याला कसं लागलं असेल याचा विचार करा.

दुसरं ठिकाण शेवटाकडे, आणि ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. आल्योश्का हा बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पोरगा शुखोव्हला सांगतो की तुरुंगात आहेस याचा आनंद मान, इथे आत्म्याचा विचार करायला वेळ आहे. त्यावर शुखोव्ह गप्प छताकडे बघतो. आपल्याला सुटका हवी आहे की नको, हे त्यालाच कळेनासं झालंय. आधी तो रोज दिवस मोजायचा, मग कंटाळला. मग उमगलं की अशांना घरी सोडतच नाहीत, हद्दपारीत पाठवतात. ही काही कादंबरीतली कल्पना नव्हे. सोल्झेनित्सिन यांची आठ वर्षांची शिक्षा १९५३ साली संपली आणि त्यांना ‘कायमच्या’ हद्दपारीत कझाकस्तानातच कोक-तेरेकला पाठवलं.

आल्योश्काचं बोलणं उचलून ‘खरं स्वातंत्र्य मनात असतं’ असा सुविचार बनवणारे वाचक मला भेटतात. कृपा करून तसं वाचू नका. आल्योश्काला ते म्हणायचा अधिकार आहे, कारण तो स्वतः त्या फळीवर झोपतो. आपण खुर्चीत बसून ते म्हणणं म्हणजे तार उभारणाऱ्याला सूट देणं आहे. शिवाय कादंबरी स्वतःच त्याला उत्तर देते. नौदलातला कप्तान बुइनोव्स्की त्या थंडीत शर्ट उघडायला लावणाऱ्या झडतीवर कायद्याचं कलम सांगून ओरडतो आणि दहा दिवसांची कोठडी पदरात पाडून घेतो. पंधरा दिवस म्हणजे क्षय आणि कबर, हे तिथे सगळे जाणतात. दहाने तब्येत कायमची जाते. त्याचं मन मोकळं होतंच. हाडांचं काय?

इथेच पुढच्या वाचनाकडे येते, कारण या प्रश्नावर सोल्झेनित्सिनना सगळ्यात कडक उत्तर वारलाम शालामोव्ह या रशियन कथालेखकाने, तेही छावणीत राहिलेले, दिलं. १९३७च्या अटकेनंतर ते कोलिमाला गेले, सैबेरियाच्या ईशान्य टोकाच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात. इव्हान डेनिसोविच छापून आल्याबरोबर त्यांनी लेखकाला लांब पत्र लिहिलं, मनापासून कौतुक केलं, आणि सोबत काही गोष्टी दाखवल्या. दवाखान्याजवळ मांजर फिरतंय? खऱ्या छावणीत ते केव्हाच कापून खाल्लं असतं. शुखोव्ह बुटात चमचा बाळगतो? कोलिमात चमच्याची गरजच नव्हती, जे मिळायचं ते थाळीला तोंड लावून पिता यायचं. अशी छान छावणी कुठे आहे, मीही वर्षभर तिथे राहिलो असतो, असं त्यांनी लिहिलं.

मला ही तक्रार किरकोळ वाटत नाही. तो चमचा शुखोव्हने स्वतः ॲल्युमिनियमची तार वितळवून ओतलेला असतो, जपून ठेवलेला असतो. टोपी काढून जेवणाऱ्या माणसाचा तो ऐवज आहे. शालामोव्ह म्हणतात, इतकं उरायलासुद्धा आधी काही ग्रॅम पोटात असावे लागतात. त्याखाली गेलं की कुझ्योमिनचा नियम पाळायला माणूसच शिल्लक राहत नाही.

त्यांची कंडेन्स्ड दुधाची कथा वाचा, चार-पाच पानांचीच आहे. शेस्ताकोव्ह नावाचा कैदी ऑफिसात काम करतो, बरा दिसतो, आणि निवेदकाला पळून जायचा बेत सुचवतो. हा सापळा आहे हे निवेदकाला लगेच कळतं. फुकट कुणी कुणाला स्वातंत्र्य देत नाही. तो म्हणतो, आधी अंगात ताकद यायला हवी, दूध आण. शेस्ताकोव्ह दोन डबे आणतो. निवेदक सगळ्यांच्या देखत दोन्ही संपवतो, चमचा चाटतो आणि सांगतो की मी येत नाही, तुम्ही जा. नंतर बाकीचे पळतात. दोघे मारले जातात, तिघांवर खटला चालतो. इतरांना त्याने सावध केलं का? कथेत तसं कुठेच नाही. त्याचा नकार खरा आहे, पण तो नायक नाही, आणि लेखक त्याला नायक होऊही देत नाही. इतक्या भुकेत ‘नाही’ म्हणता आलं, आणि तेही दोन डब्यांच्या जोरावर. शुखोव्हच्या भिंतीशेजारी ही कथा ठेवली की दोन्ही जास्त खऱ्या वाटतात.

मराठी वाचकाला एक अडचण येते, ती मलाही जाणवते. तुरुंग म्हटलं की आपल्यासमोर येतात मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक, धुळ्यात गीतेवर बोलणारे विनोबा, नाशिकला ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी. आपण कशासाठी आत आहोत हे त्यांना ठाऊक होतं आणि बाहेर लोक त्यांची वाट बघत होते. शुखोव्ह शेतकरी आहे. जर्मनांच्या कैदेतून निसटून आपल्या माणसांत परत आला म्हणून हेर ठरला, आणि सही केली नाही तर गोळी म्हणून सही केली. त्याची वाट बघणारी बायको आहे, पण वर्षाला दोन पत्रं एवढीच परवानगी आणि त्यांत लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. स्वतः सोल्झेनित्सिन यांना छावणीत लिहिलेलं काही जवळ ठेवता येत नव्हतं. ते कवितेच्या हजारो ओळी मनात रचून जपमाळेच्या मण्यांवर मोजून पाठ ठेवायचे. आपल्या तुरुंगसाहित्याची सवय घेऊन या पुस्तकाकडे गेलं की भाषण सापडत नाही म्हणून हिरमोड होतो.

आणखी एक नाव: हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस. त्यांच्या १९७५च्या कादंबरीतला बुडापेस्टचा ज्यू मुलगा आउश्विट्झ आणि बुखेनवाल्डहून परत येतो, आणि सगळे ‘ते नरक विसर’ म्हणतात तेव्हा त्याला छावणीतली संध्याकाळची आवडती वेळ आठवते. तो आनंदाबद्दल बोलायचा हट्ट धरतो. हे सहन करायला कठीण जातं, म्हणून ते शेवटी घ्या.

इंग्रजीतून वाचत असाल तर इव्हान डेनिसोविचसाठी एच. टी. विलेट्स यांचं १९९१चं भाषांतर घ्या. १९६२ साली गाळलेला मजकूर त्यात आहे. शालामोव्हसाठी डोनाल्ड रेफिल्ड यांचं, पहिला खंड २०१८चा. कथा सुट्या उचलू नका, त्यांनी लावलेल्या क्रमानेच वाचा, आणि एका वेळी दोन-तीनच.